शिरगणती आणि प्रतिनिधी

नगर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, जामखेड तालुक्यात, खर्डा नावाचे गाव आहे. गावाजवळ निंबाळकरांनी बांधलेला भुईकोट किल्ला असून त्याचे बुरूज आणि तट आजही पाहावयास मिळतात. ११ मार्च १७९५ रोजी या परिसरात मराठे आणि हैदराबादचा निजाम यांच्यात लढाई झाली. पुण्याहून पेशव्यांची फौज आली. उत्तरेकडून शिंदे व होळकर यांच्या फौजा आल्या. नागपूरहून भोसले आले. आणि सर्वांचे सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धन यांनी सांभाळले. लाखाहून अधिक सैन्य तेथे गोळा झाले होते. निजामाला माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला आणि अखेर तह करावा लागला.

त्या काळी राज्यकारभाराच्या मसलतीत कोणाच्या शब्दाला किती वजन, हे कशावरून ठरत असे? ज्याच्या पदरी घोडेस्वार अधिक, ज्याच्या तोफा अधिक, ज्याचा खजिना भरलेला, त्याचा शब्द वजनदार. खर्ड्याच्या शेतकऱ्याचे, तेथील कोष्ट्याचे वा कुंभाराचे मत विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. मोजदाद होई ती घोड्यांची आणि तलवारींची, माणसांची नव्हे.

आज त्याच खर्ड्यातील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला एक मत आहे. त्या मतांतून विधानसभेवर आणि लोकसभेवर प्रतिनिधी निवडले जातात. परंतु कोणत्या प्रदेशाने किती प्रतिनिधी पाठवावयाचे, हे कसे ठरते? घोड्यांवरून नव्हे, संपत्तीवरून नव्हे, जमिनीच्या विस्तारावरूनही नव्हे. ते ठरते माणसांच्या संख्येवरून. म्हणूनच जनगणनेला लोकशाहीत मोठे महत्त्व आहे. जनगणनेला मराठीत 'शिरगणती' असा एक जुना, अर्थपूर्ण शब्द आहे. शिरगणती म्हणजे शिरांची, डोक्यांची मोजणी. श्रीमंताचे शिर एक आणि गरिबाचेही एकच. या साध्या नियमातच लोकशाहीचे सारे तत्त्व सामावलेले आहे.

भारतात आधुनिक पद्धतीची पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली. परंतु ती निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळी झाली होती. सर्व देशात एकाच वेळी झालेली पहिली गणना १८८१ ची. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना होत गेली. दुष्काळ, साथी, महायुद्धे आणि देशाची फाळणी एवढी संकटे आली, तरी हा क्रम तुटला नाही. तो प्रथम तुटला २०२१ साली, कोरोनाच्या साथीमुळे. त्यानंतर १६ जून २०२५ रोजी पुढील गणनेची अधिसूचना निघाली आणि देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा गणनेचा संदर्भदिन ठरविण्यात आला.

गणनेचे काम करणाऱ्या व्यक्तीला प्रगणक म्हणतात. प्रगणकांपैकी पुष्कळ जण शाळांचे शिक्षक असतात. ते घरोघर जाऊन माणसांची नोंद करतात. १९४८ च्या कायद्यानुसार खरी माहिती देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे आणि ती माहिती गुप्त राखणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

आता या संख्येपासून प्रतिनिधींपर्यंत कसे पोचतात, ते पाहू जाता त्यात दोन पायऱ्या दिसतात. पहिल्या पायरीवर देशातील राज्यांमध्ये लोकसभेच्या जागांची वाटणी होते. राज्यघटनेच्या ८१ व्या अनुच्छेदात असे तत्त्व सांगितले आहे की, प्रत्येक राज्याची लोकसंख्या आणि त्याला मिळालेल्या जागा यांचे प्रमाण शक्यतो सर्वत्र सारखे असावे. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक राज्याच्या आत मतदारसंघांच्या सीमा आखल्या जातात; त्यांतही लोकसंख्या शक्यतो सारखी ठेवावयाची असते. प्रत्येक जनगणनेनंतर ही वाटणी नव्याने तपासावी, असे ८२ वा अनुच्छेद सांगतो. लोक एका जागी खिळलेले नसतात. गावे ओस पडतात, शहरे फुगतात. तेव्हा जुनी वाटणी कायम ठेवली, तर काही काळाने ती अन्यायाची होते.

असा अन्याय कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. तेथे 'ओल्ड सेरम' नावाचे एक प्राचीन गाव होते. कालांतराने ते उजाड झाले. टेकडीवर पडकी भिंत आणि गवत एवढेच उरले. तरीही जुन्या हक्काने त्या ओसाड जागेचे दोन प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये बसत असत. त्याच वेळी गिरण्यांच्या धुराने भरलेल्या, माणसांनी गजबजलेल्या मँचेस्टर शहराला स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने हा विपरीत प्रकार संपविला. राज्यघटनेने प्रत्येक गणनेनंतर वाटणी तपासावयास सांगितले, त्यामागे अशा अन्यायाला आळा घालण्याचाच विचार आहे.

मतदारसंघांच्या सीमा आखण्यासाठी संसद कायदा करून परिसीमन आयोग नेमते. परिसीमन म्हणजे सीमा ठरविणे. असे आयोग १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ च्या कायद्यांनी नेमले गेले. २००२ च्या कायद्यान्वये नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग हे होते. आयोगाच्या बैठकींत त्या त्या राज्याचे काही खासदार आणि आमदार सहकारी सदस्य म्हणून बसतात. परंतु त्यांना मताचा अधिकार नसतो. स्वतःच्या मतदारसंघाची सीमा स्वतःच आखण्याची मोकळीक कोणाला देऊ नये, हे यात अभिप्रेत आहे. आयोग प्रथम मसुदा प्रसिद्ध करतो, जाहीर बैठकी घेऊन लोकांच्या हरकती ऐकतो आणि मग अंतिम आदेश काढतो. डोंगर, नद्या, तालुक्यांच्या सीमा, दळणवळणाची सोय यांचाही तो विचार करतो. पण मुख्य आधार लोकसंख्येचाच.

या आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून महाराष्ट्राची आखणी केली. तिचे गणित सातवीतल्या विद्यार्थ्यालाही सोडविता येईल इतके सोपे आहे. २००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लक्ष होती. विधानसभेच्या जागा २८८. भागाकार केला असता एका जागेमागे सरासरी ३ लक्ष ३६ हजार माणसे येतात. त्या साली अहमदनगर जिल्ह्याची (२०२४ पासून अहिल्यानगर) लोकसंख्या सुमारे ४० लक्ष ४० हजार होती. तिला ३ लक्ष ३६ हजारांनी भागल्यास उत्तर येते १२. जिल्ह्याला विधानसभेच्या १२ जागा मिळाल्या. महाराष्ट्राला लोकसभेच्या ४८ जागा असल्यामुळे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून लोकसभेचा एक मतदारसंघ होतो. म्हणून या जिल्ह्याला लोकसभेच्या दोन जागा आल्या: दक्षिणेकडील अहमदनगर आणि उत्तरेकडील शिर्डी. शिर्डी हे नाव लोकसभेच्या यादीत २००९ च्या निवडणुकीपासून आले. त्यापूर्वी कोपरगाव नावाचा मतदारसंघ होता.

या आखणीत खर्डा कोठे आले? जामखेड तालुका लहान; २०११ च्या गणनेतही त्याची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपासच भरली. एवढ्या लोकसंख्येवर स्वतंत्र आमदार मिळत नाही. म्हणून शेजारचा कर्जत तालुका आणि जामखेड तालुका मिळून 'कर्जत जामखेड' हा एक मतदारसंघ झाला. तो लोकसभेच्या अहमदनगर मतदारसंघात मोडतो. खर्ड्याच्या मतदाराचा आमदार आणि खासदार कोण, याचा निर्णय मतपेटीपाशी होतो. परंतु तो मतदार कोणाच्या जोडीने मत देणार, हे त्यापूर्वीच शिरगणतीच्या आकड्यांनी ठरविलेले असते.

हेच गणित महाराष्ट्राच्या इतर भागांना लावले असता काही ठिकाणी आनंद, तर काही ठिकाणी खंत निर्माण झाली. पूर्वीच्या आखणीत मुंबई शहर जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा १७ होत्या. त्या १० झाल्या. मुंबई उपनगरांच्याही जागा १७ होत्या. त्या २६ झाल्या. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ वर गेल्या. यामागे तीस वर्षांचा लोकांचा प्रवास आहे. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी कचेऱ्या आल्या, आणि परळ-लालबागची माणसे उपनगरांत व ठाणे-कल्याणकडे राहावयास गेली. माणसे गेली तिकडे जागाही गेल्या.

कोकणात याच्या उलट घडले. रत्नागिरी जिल्ह्याच्या जागा ७ वरून ५ झाल्या आणि सिंधुदुर्गाच्या ४ वरून ३. लोकसभेसाठी पूर्वी रत्नागिरी आणि राजापूर असे दोन मतदारसंघ होते; त्यांच्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा एकच राहिला आणि दापोली व गुहागर हे भाग रायगड मतदारसंघाला जोडले गेले. कोकणातला तरुण चाकरीसाठी मुंबईला जातो, गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो. पण शिरगणतीच्या वेळी तो मुंबईत किंवा ठाण्यात असतो. त्याचे मन गावी असले, तरी त्याची नोंद शहरात होते. २००१ साली सिंधुदुर्गाची लोकसंख्या सुमारे ८ लक्ष ६९ हजार होती. २०११ साली ती ८ लक्ष ५० हजारांवर उतरली. अशा जिल्ह्याचा आवाज सभागृहात क्षीण होत जातो. तेथील डोंगर, खाड्या आणि लांबच लांब वाटा मात्र कमी होत नाहीत. प्रतिनिधीला फिरावयाचा मुलूख उलट वाढतो.

खर्ड्याच्या परिसराचा प्रश्न थोडा निराळा आहे. हा अवर्षणाचा भाग. दिवाळीच्या सुमारास येथील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार भरून, कोयते घेऊन ती साखर कारखान्यांच्या परिसरात पोचतात आणि कोप्या उभारून चैत्राच्या आसपासपर्यंत तेथेच राहतात. जनगणनेची माणसांची मोजणी मात्र फेब्रुवारी महिन्यात होते. २०११ साली ती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा होता की, या मुदतीत जो माणूस थोडे दिवस तरी आपल्या नेहमीच्या घरी असेल, त्याची नोंद त्या घरी व्हावी. जो संपूर्ण मुदतभर बाहेर असेल, त्याची नोंद तो जेथे आढळेल तेथे व्हावी.

याचा अर्थ उघड आहे. समजा, खर्ड्यातील एक कुटुंब कोपरगाव किंवा संगमनेर भागात ऊस तोडावयास गेले आणि फेब्रुवारीभर तेथेच राहिले. त्याची नोंद कारखान्याच्या परिसरात होईल. त्यांचे घर, रेशन, मुलांची शाळा आणि पिण्याच्या पाण्याची तक्रार खर्ड्यात. त्यांचे मतदानही खर्ड्यात. पण लोकसंख्या म्हणून त्यांचे वजन पडणार शिर्डी मतदारसंघाच्या पारड्यात. एका कुटुंबाने काही बिघडत नाही. परंतु सहस्रावधी कुटुंबांचे असे झाले, तर ज्या तालुक्याला दुष्काळामुळे अधिक आवाजाची गरज आहे, त्याचाच आवाज कागदावर उणा होतो. याहूनही वाईट म्हणजे, उसाच्या फडात एखादी टोळी प्रगणकाच्या नजरेतून सुटली, तर ती माणसे गावातही मोजली जात नाहीत आणि फडातही नाहीत. म्हणून वस्तीपासून दूर असलेल्या कोप्यांपर्यंत प्रगणक पोचणे आणि तेथील माणसांनी आपली नोंद झाली की नाही हे विचारणे, या दोन्ही गोष्टी अत्यंत महत्त्वाच्या आहेत.

राज्याच्या आत जे घडते, तेच मोठ्या प्रमाणावर देशात घडते. १९५२ साली पहिल्या लोकसभेत निवडून आलेल्या सदस्यांच्या ४८९ जागा होत्या. १९७७ पर्यंत त्या ५४२ झाल्या आणि पुढे ५४३. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाल्यानंतर १९६२ च्या निवडणुकीत त्याला लोकसभेच्या ४४ जागा होत्या. १९६७ साली ४५ आणि १९७७ साली ४८ झाल्या. त्यानंतर २०२४ च्या निवडणुकीपर्यंत हा आकडा हलला नाही. महाराष्ट्राची लोकसंख्या १९७१ साली सुमारे ५ कोटी ४ लक्ष होती, ती २०११ साली ११ कोटी २४ लक्ष झाली. तरी जागा ४८ च.

असे का झाले? १९७६ साली ४२ वी घटनादुरुस्ती झाली. त्या काळी सरकार कुटुंबनियोजनाचा प्रसार करीत होते. ज्या राज्यांनी हे काम मनापासून केले, त्यांची लोकसंख्या इतरांपेक्षा हळू वाढणार; आणि मग त्यांच्या जागा कमी होणार. चांगल्या कामाबद्दल शिक्षा व्हावी, असाच हा प्रकार झाला असता. म्हणून राज्याराज्यांतील वाटणी १९७१ च्या गणनेवर २००० सालापर्यंत गोठविण्यात आली. पुढे ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत वाढविली आणि २०२६ नंतरची पहिली जनगणना होईपर्यंत जुनीच वाटणी ठेवावी असे ठरले. २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या आतील सीमा मात्र २००१ च्या गणनेवरून आखण्यास मोकळीक दिली. त्यामुळेच महाराष्ट्राच्या जागा ४८ राहिल्या, पण ठाण्याच्या वाढल्या आणि कोकणच्या घटल्या.

या गोठवणुकीचा परिणाम केरळ आणि राजस्थान यांच्या तुलनेतून स्पष्ट होतो. १९७१ च्या गणनेत केरळची लोकसंख्या २ कोटी १३ लक्ष आणि त्या गणनेवरून ठरलेल्या जागा २०. राजस्थानची लोकसंख्या २ कोटी ५८ लक्ष आणि जागा २५. म्हणजे दोन्हीकडे एका खासदारामागे साधारण साडेदहा लक्ष माणसे. प्रमाण जवळजवळ सारखे. २०११ साली केरळची लोकसंख्या ३ कोटी ३४ लक्ष झाली, तर राजस्थानची ६ कोटी ८५ लक्ष. जागा त्याच. केरळमध्ये एका खासदारामागे सुमारे १६ लक्ष ७० हजार माणसे, तर राजस्थानात २७ लक्ष ४० हजार. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये येतो: सुमारे २३ लक्ष ४० हजार.

राजस्थानचा नागरिक म्हणेल, "एक माणूस, एक मूल्य, हे तत्त्व कोठे राहिले? माझ्या मताचे वजन केरळच्या मतापेक्षा कमी का?" त्याचे म्हणणे न्यायाचे आहे. केरळचा नागरिक म्हणेल, "आम्ही मुलींना शिकविले, दवाखाने काढले, देशाने सांगितले ते ऐकले, म्हणून आमची संख्या मर्यादित राहिली. त्याबद्दल आमचा आवाज कमी का करता?" त्याचेही म्हणणे न्यायाचे आहे. ५४३ जागा कायम ठेवून २०११ च्या आकड्यांवर साधे त्रैराशिक मांडले, तर केरळच्या वाट्याला २० ऐवजी सुमारे १५ जागा येतात, राजस्थानच्या वाट्याला २५ ऐवजी सुमारे ३१, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ४८ ऐवजी सुमारे ५०. एकाच्या ताटातून काढून दुसऱ्याच्या ताटात वाढण्यासारखे हे आहे. एकूण जागा वाढविल्यास कोणाचे ताट रिकामे होणार नाही, असे काही जण सुचवितात. त्यावर इतर जण म्हणतात की, ताटातील घास तेवढेच राहिले तरी पंगतीतला वाटा कमी होतोच. दोन न्याय्य मागण्या परस्परांसमोर उभ्या राहिल्या म्हणजे कोणतेही गणित एकट्याने उत्तर देऊ शकत नाही. तेथे विचारविनिमय आणि समजूतदारपणा लागतो.

खर्ड्याच्या रणांगणावर निरनिराळ्या प्रदेशांचे सरदार एकत्र आले. पण पुढे आपसांतील हेव्यादाव्यांनी ती एकजूट टिकली नाही. लढाईनंतर अवघ्या काही वर्षांत त्यांच्या फौजा परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या. प्रदेशाप्रदेशांतील वाद त्या काळी तलवारीने सोडवीत. आज असाच वाद आकडे मांडून, आयोगापुढे हरकती नोंदवून आणि संसदेत चर्चा करून सोडवावयाचा आहे. शस्त्रांच्या मोजणीपासून शिरांच्या मोजणीपर्यंत आलेली ही वाटचाल लहान नाही.

मात्र ही सारी इमारत एका पायावर उभी आहे. तो पाया म्हणजे खरी मोजणी. प्रगणक दारी आला असता घरातील तान्ह्या मुलाचे, अंथरुणाला खिळलेल्या आजीचे किंवा सासरहून परत आलेल्या बहिणीचे नाव सांगावयाचे राहिले, तर ती माणसे देशाच्या हिशेबात नसल्यासारखीच होतात. खर्ड्याच्या वेशीवरील झोपडीत जन्मलेले मूलही एका आकड्याने लोकसभेची रचना घडवीत असते. ते अजून मत देत नाही, त्याला बोलताही येत नाही. पण शिरगणतीच्या कागदावर त्याचे शिर राजाच्या शिराइतकेच, म्हणजे एक, मोजले जाते.

स्वाध्याय

१. १७९५ साली आणि आज, शब्दाचे वजन ठरविण्याच्या रीतीत कोणता फरक पडला?

२. जामखेड तालुक्याला स्वतंत्र आमदार का मिळाला नाही, ते गणित मांडून दाखवा.

३. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लक्ष ९७ हजार होती. त्यावरून जिल्ह्याला विधानसभेच्या किती जागा याव्यात, ते काढा आणि पाठातील आकड्याशी ताडून पाहा.

४. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची नोंद कोठे व्हावी असे तुम्हांस वाटते? आपल्या मताला कारणे द्या.

५. केरळ आणि राजस्थान या दोन्ही राज्यांच्या नागरिकांचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहा व वर्गात त्यावर चर्चा करा.